एक-दोनच्या टेबलावरचे धडे

माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर या पट्ट्यातली पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: "दादा, पोकरसाठी आता चांगली साइट कुठली?" विचारणारे सगळे लहान खेळाडू. कुणी चाकणला कंपनीत कामाला आहे आणि सुट्टीला गावी आलाय, कुणाचं मेडिकल आहे, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. दोनशे-पाचशे रुपये टाकावेत, संध्याकाळी तासभर खेळावं, इतकीच त्यांची हौस. श्रावणात पारावर आणि दिवाळीत माडीवर पत्ते रंगतात त्या गावांना ही हौस नवी नाही. टेबल तेवढं मोबाईलवर आलं.

मीही त्यातलाच. एक-दोन रुपयांच्या ब्लाइंडचं टेबल हे माझं मैदान. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम: लहान एक रुपया, मोठी दोन. त्यावर चढलो नाही आणि चढायची इच्छाही झाली नाही. देशी साइट चालू होत्या तोवर त्यांतल्या बऱ्याच पाहिल्या आणि प्रत्येकीचा हिशेब वहीत मांडत गेलो. त्या वहीने मला एक गोष्ट पुरती पटवली. मोठ्या खेळाडूला त्याचा खेळ तारतो किंवा मारतो. लहान खेळाडूचं भलंबुरं मात्र तो बसतो कुठे यावर ठरतं. नाल, म्हणजे साइटचा वाटा, किती कापतात, पैसे परत कधी देतात, पत्ते कोण पिसतं आणि काही बिनसलं तर जाब कुणाला विचारायचा, हे चार प्रश्न हातातल्या दोन पत्त्यांपेक्षा मोठे आहेत. २०२५ च्या कायद्यानंतर तर चौथ्या प्रश्नाने बाकीचे तीन झाकून टाकलेत. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१. आधी कायदा बघा, मग पत्ते

आपल्याकडचा जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा, मुंबई इलाख्याच्या काळातला. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, आणि पुढे ऑनलाइन पत्त्यांचा सगळा धंदा या निकालाचं बोट धरून उभा राहिला. पोकरचं मात्र कायम त्रांगडं होतं. नागालँडने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करून पोकरला कौशल्याच्या यादीत बसवलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, गुजरात उच्च न्यायालयाने तो जुगारच असल्याचा निकाल दिला. साइटच्या तळाशी नागालँडचा परवाना असल्याचं वाचलं की आपल्या तालुक्यातला माणूस ती सरकारमान्य समजायचा. तो परवाना महाराष्ट्रात बसून खेळणाऱ्याच्या किती कामाचा, हे विचारणारा विरळा.

ऑगस्ट २०२५ मध्ये हा सगळा वादच निकालात निघाला. ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा केंद्राचा कायदा २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा भेदच त्यात ठेवलेला नाही. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेने जो ऑनलाइन खेळ खेळला जातो तो बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्या बँकेला किंवा पेमेंट कंपनीलाही शिक्षा आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पोकरबाझी, एमपीएल, ड्रीम इलेव्हन यांनी पाठोपाठ पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

तेव्हा "चांगली साइट कुठली" याचं उत्तर सरळ आहे: पैशांच्या टेबलाची एकही नाही. मोबाईलवर ज्या दिसतात त्या कायद्याबाहेरच्या आहेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही याचा अर्थ काही पोरं "मग चालतं" असा घेतात. मला त्यात उलटी गोष्ट दिसते. तुमच्या समोरचा माणूसच कायद्याने गुन्हेगार असेल, तर त्याने पैसे बुडवल्यावर तुम्ही कुठल्या दारात जाणार? आधी निदान कंपनी भारतात नोंदलेली होती, ग्राहक म्हणून तक्रार करता यायची, नोटीस पाठवायला पत्ता होता.

पुढचे धडे तरीही सांगतो, कारण याच कसोट्या लावल्या की परदेशी साइट का टाळायच्या हे कुणी न सांगता कळतं. चकटफू चिप्सचं टेबल निवडतानाही यातल्या निम्म्या उपयोगी पडतात.

२. नाल मोजायला शिका

पोकरमध्ये साइट तुमच्याविरुद्ध खेळत नाही. ती प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते. इंग्रजीत त्याला रेक म्हणतात. आपल्याकडे क्लबात जी नाल काढतात तीच ही. फरक एवढाच की क्लबात नाल डोळ्यांसमोर डब्यात पडते आणि मोबाईलवर ती कापलेली कळतसुद्धा नाही.

लहान टेबलांवर पॉटच्या, म्हणजे डावात जमलेल्या रकमेच्या, ५ टक्क्यांच्या आसपास नाल हा जगभरचा रिवाज. पाच टक्के ऐकायला काहीच नाही. आता उदाहरणापुरता हिशेब करू. एक-दोनचं टेबल, सहा खेळाडू, प्रत्येकाचे दोनशे, म्हणजे टेबलावर एकूण बाराशे रुपये. सरासरी पॉट वीस रुपयांचा धरला तर प्रत्येक डावाला एक रुपया साइटच्या खिशात जातो. मोबाईलवर एका टेबलाला तासात साठ-सत्तर डाव सहज होतात. म्हणजे शंभर डावांत शंभर रुपये गेले. कुणी नवे पैसे आणले नाहीत आणि पॉट असेच पडत राहिले तर बाराशे डावांत टेबलावरचे सगळे बाराशे साइटचे झाले. सहाही जण सारख्याच हुशारीने खेळले, तरी सहाही जण रिकाम्या हाताने उठणार.

एका खेळाडूच्या बाजूने बघा. शंभर डावांमागे त्याच्या वाट्याची नाल सतरा रुपयांच्या आसपास, म्हणजे आठ मोठे ब्लाइंड. शंभर डावांत पाच ब्लाइंड टिकवून जिंकणारा खेळाडू चांगला समजला जातो. म्हणजे नालेआधी तेरा ब्लाइंड जिंकण्याइतका तो समोरच्यांपेक्षा सरस हवा. आपल्या ओळखीत असा कोण आहे, हे ज्याने त्याने स्वतःच्या मनाला विचारावं.

मोठ्या टेबलावर नालेला कमाल मर्यादा असते. दहा हजारांच्या पॉटमधून पाचशे कापत नाहीत, मर्यादेला कापणी थांबते. लहान टेबलावरचे पॉट त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तिथे पुरी टक्केवारी पडते. गरिबाच्या पाच रुपयांवर श्रीमंताच्या पाच हजारांपेक्षा जड कापणी, असा हा प्रकार. मला त्याचा खरोखर राग येतो. म्हणून साइटचे नियम वाचताना मी दोनच गोष्टी आधी शोधायचो: माझ्या टेबलाला मर्यादा किती ब्लाइंडची, आणि पहिले तीन पत्ते उघडायच्या आत डाव मिटला तर नाल आहे की नाही. चांगल्या ठिकाणी अशा डावाला नाल नसते. हे आकडे ठळक न छापणाऱ्या साइटवर मी एक रुपयाही टाकला नाही.

३. नालेवर कर, करावर कर

१ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जीएसटी फक्त कंपनीच्या नालेवर होता, १८ टक्के. त्या तारखेपासून तो भरलेल्या पूर्ण रकमेवर आला, २८ टक्क्यांनी. शंभर रुपये भरले की करासकट हिशेबाने खेळायला उरले ७८ रुपये १२ पैसे. काही कंपन्या ही तूट बोनसच्या रूपाने भरून देत, म्हणून खेळाडूला ती जाणवत नसे, पण तो पैसा शेवटी कुठून तरी वसूल व्हायचाच.

त्याच्या आधी, १ एप्रिल २०२३ पासून, जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस सुरू झाला होता. दहा हजारांखाली कापत नाहीत, ही जुनी समजूत तिथे संपली. महिन्याला निव्वळ शंभर रुपयांपर्यंतच्या जिंकण्याला तेवढी सवलत राहिली. शेतीशिवाय उत्पन्न नाही, करपात्र मर्यादेत आपण येत नाही, असं म्हणणाऱ्यालाही हा तीस टक्के चुकत नाही. या उत्पन्नाला मूळ सूट लागूच होत नाही.

नाल आणि कर एकत्र मांडले की एक-दोनच्या टेबलावर पैसे कमवायचा विचार माझ्या वहीतून कायमचा पुसला गेला. करमणुकीचा खर्च म्हणून मांडता येईल तेवढंच खरं.

४. दर नंतर, बिल कधी देतो ते आधी

आपल्या तालुक्यात हे समजावून सांगावं लागत नाही. कारखान्याने दर कितीही जाहीर करू दे, शेतकरी आधी चौकशी करतो ती मागच्या हंगामाचं बिल कधी पडलं याची. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, आणि तरीही आंदोलनं करावी लागतात. जिथे कायदा, साखर आयुक्त आणि संघटना पाठीशी असूनही ही तऱ्हा, तिथे कुठल्याशा बेटावर नोंदलेल्या साइटचं काय सांगावं!

जगातलं सर्वांत मोठं उदाहरण फुल टिल्ट पोकरचं. नामवंत खेळाडूंचे चेहरे, चोवीस तास गजबजलेली टेबलं, बघणाऱ्याला संशय येऊ नये असा डामडौल. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय विभागाने तिच्यासह तीन मोठ्या साइटवर कारवाई केली, त्यानंतर कळलं की तिच्यावर खेळाडूंचं देणं सुमारे ३९ कोटी डॉलर आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. खेळाडूंनी ठेवायला दिलेला पैसा कंपनीने वापरून टाकला होता. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या हातात पैसे पडायला २०१४ उजाडलं, तेही दुसऱ्या बलाढ्य कंपनीने सगळा व्यवहार अंगावर घेतला म्हणून. तसं प्रत्येकाच्या नशिबी येत नाही.

म्हणून माझी रीत अशी होती: कुठल्याही साइटवर आधी किमान रक्कम भरायची, थोडं खेळायचं आणि लगेच काढून बघायची. पैसे खात्यात येईपर्यंत दुसरा रुपया नाही. केवायसी भरताना झटपट आणि काढताना अडून बसत असेल तर तिथेच रामराम. आणि खेळून झालं की शिल्लक साइटवर ठेवायची नाही. वॉलेटमध्ये दिसणारा आकडा हा आपला पैसा नसतो, साइटने आपल्याला दिलेलं वचन असतं.

५. पत्ते कोण पिसतं

पारावर पत्ते पिसणारा आपल्यासमोर बसलेला असतो. कॅट काटून द्यायला आपण सांगू शकतो. मोबाईलवर हे काम यंत्र करतं, आणि ते कसं करतं यावर सगळा खेळ उभा आहे.

बावन्न पत्त्यांची मांडणी किती तऱ्हांनी होऊ शकते? आठवर सदुसष्ट शून्यं लिहिली की जवळपास तो आकडा येतो. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर या तेव्हाच्या नावाजलेल्या साइटच्या पत्ते पिसण्याच्या प्रोग्रामची गोष्ट गाजली. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीने आपला प्रामाणिकपणा दाखवायला पिसण्याची पद्धत उघड छापली होती. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या जाणकारांनी ती वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की प्रोग्राम आपली सुरुवात संगणकाच्या घड्याळावरून करतो, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले ते बघून. दिवसात मिलिसेकंद आठ कोटी चौसष्ट लाख. म्हणजे त्या अफाट आकड्यातल्या फक्त एवढ्याच मांडण्या शक्य होत्या. घड्याळ जुळवून त्यांनी शक्यता दोनेक लाखांवर आणल्या, आणि पाच पत्ते दिसले की सगळ्यांच्या हातातले पत्ते सांगून दाखवले. ते प्रामाणिक लोक होते, त्यांनी दोष जाहीर केला. अप्रामाणिक माणसाने तेच केलं असतं तर कुणाला कधी कळलं असतं?

दुसरी तऱ्हा याहून वाईट. २००७-०८ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या साइटवर आतल्याच माणसांच्या हातात अशी खाती निघाली ज्यांना सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते. ते पकडलं साइटने नाही. हरलेल्या खेळाडूंनी एकेका डावाची नोंद तपासली आणि इतकं अचूक खेळणं माणसाला शक्य नाही, हे आकड्यांनी सिद्ध केलं.

यातून मी दोन सवयी घेतल्या. पत्ते पिसण्याच्या यंत्रणेची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेने केल्याचा दाखला शोधायचा, आणि आपल्या प्रत्येक डावाची नोंद उतरवून घेता येते का हे पाहायचं. नोंद देत नाही ती साइट मला चालत नाही. ती चकटफू असली तरी.

६. समोर माणूस आहे का

२०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर जगातल्या उत्तम खेळाडूंना हरवलं. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी तो बनवला होता. एवढा हुशार प्रोग्राम एक-दोनच्या टेबलावर येणार नाही हे खरं. पण आपल्याला हरवायला एवढ्या हुशारीची गरजही नाही. न थकणारा, न चिडणारा, साधे नियम पाळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. रात्री अडीच वाजताही भरलेलं, प्रत्येक चाल ठरावीक सेकंदांनी खेळणारं टेबल दिसलं की उठावं. असे प्रोग्राम, म्हणजे बॉट, पकडायला ज्या साइटवर वेगळी माणसं नेमलेली नाहीत, तिथे लहान टेबलं हे बॉटचं कुरण असतं.

७. बोनसची अट वाचा

पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस, असं लिहिलेलं असतं. तो बोनस हातात येतो नाल भरत गेल्यावर, थोडा थोडा, आणि मुदतीत. हजार रुपयांचा बोनस सुटायला किती नाल भरावी लागते हे काढलं की लहान खेळाडूला रोजच्या रोज तासन्‌तास बसावं लागतं असं दिसतं. तासभर खेळायची हौस असलेल्या माणसाला बोनस जागरण करायला लावतो. मी बोनसचा रकाना रिकामा ठेवून खेळायचो.

८. व्हॉट्सॲपवरचा एजंट

आता सर्वांत कळकळीचा धडा, कारण कायद्यानंतर आपल्या गावांत हेच वाढलं. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो. "क्लब" म्हणतात त्याला. ॲप दिसायला निव्वळ मौजेचं, चिप्स खोट्या. त्या चिप्स एजंट रुपयांना विकतो आणि जिंकलेल्या चिप्स रुपयांनी घेतो. ॲपची कंपनी हात वर करते, "आम्ही पैशांचं काही बघत नाही." एजंट म्हणजे एक मोबाईल नंबर आणि एक यूपीआय आयडी. दोन्ही उद्या बदलतील.

परदेशी साइटचंही तेच. त्यांना भारतात बँक खातं उघडता येत नाही, म्हणून त्या भाड्याची खाती वापरतात. कुणा गरजू पोराला दोन-चार हजार देऊन त्याचं पासबुक आणि सिमकार्ड घेतलेलं असतं. तुम्ही भरलेले पाचशे रुपये अशा खात्यात जातात, आणि तुम्ही जिंकलेले बाराशे अशाच दुसऱ्या खात्यातून येतात. त्या खात्यात त्याच दिवशी कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक करून लुबाडलेले पैसेही आलेले असू शकतात. फसवलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत जातात आणि साखळीतली सगळी खाती गोठतात. त्यात तुमचंही.

माझ्या ओळखीतल्या एका घरात असं झालं. रक्कम किरकोळ होती. पण गोठलेल्या खात्यावरच उसाचं बिल पडायचं होतं, पीक कर्जाचा हप्ताही तिथूनच जायचा होता. तक्रार दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलीस ठाण्यात. तिथे ईमेल, अर्ज, फोन, बँकेत खेटे. पोराच्या वडिलांना पोकर म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की घामाचा पैसा खात्यात दिसतोय आणि काढता येत नाही. या घराकडे पाहिल्यापासून मी एजंटचा विषय निघाला की आवाज चढवतो, आणि चढवत राहणार.

एजंट बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. मित्राचा मित्र, अकलूजला कॉलेजात बरोबर असलेला. त्याला प्रत्येक डावाच्या नालेतून वाटा मिळतो, हे तो सांगत नाही. नव्या कायद्याखाली शिक्षा त्यालाही होऊ शकते. त्याच्या हितासाठीसुद्धा त्याला नाही म्हणा. आणि आपलं खातं, एटीएम किंवा सिम "फक्त महिनाभर" मागणारा कुणीही असो, त्याला दारात उभं करू नका.

९. गोव्याचं टेबल

कुणी म्हणतं, मग गोव्याला जाऊ. तिथे कॅसिनो कायदेशीर आहेत: १९७६ च्या तिथल्या जुगारबंदी कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये बदल करून पंचतारांकित हॉटेलं आणि मांडवीतल्या जहाजांना परवानगी मिळाली. पोकरची टेबलंही आहेत. पण तिथलं सर्वांत लहान टेबल आपल्या एक-दोनच्या कितीतरी पट मोठं. जाण्यायेण्याचा खर्च धरला तर आपल्यासारख्याने तो विचार सहलीपुरताच करावा. खेळ म्हणून नाही.

१०. मग खेळायचं कुठे

नव्या कायद्याने पोकर बंद केलेला नाही, पैसे लावणं बंद केलंय. पैसे न लावता खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात मोकळे आहेत. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं की पैशांशिवाय पोकर अळणी लागेल, कारण फुकटच्या चिप्स असल्या की लोक कुठल्याही पत्त्यावर सगळं लावून टाकतात. ते खरंही आहे, अनोळखी गर्दीच्या टेबलांवर. झिंगा पोकरसारख्या ॲपमध्ये बसलं की पाच मिनिटांत त्याचा प्रत्यय येतो. शिवाय तिथे चिप्स विकत घ्यायची बटणं पावलोपावली असतात. त्या चिप्सचे रुपये कधीच होत नाहीत. ते बटण दाबायचंच नाही, आणि फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून ठेवायचा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

आम्ही शोधलेला मार्ग वेगळा. ओळखीच्या सात-आठ जणांचं खासगी टेबल. पोकर नाऊसारख्या साइटवर एक दुवा बनवून पाठवला की ज्याच्याकडे तो आहे तोच बसतो, नाल नाही, पैसे भरायची सोयच नाही. कुणी पुण्यात, कुणी नातेपुत्यात, कुणी रात्रपाळीला. आठवड्यातून ठरलेल्या रात्री सगळ्यांना सारख्या चिप्स, ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढतात, आणि जो शेवटपर्यंत टिकतो त्याला जास्त गुण. गुण वहीत लिहिले जातात, हंगाम संपला की बेरीज. चिप्स पुन्हा मिळत नाहीत, म्हणून लोक जपून खेळतात. पैशांच्या टेबलापेक्षा जपून, हे मी जबाबदारीने सांगतो.

यात शिकायलाही जास्त मिळतं. डाव संपल्यावर नोंद उघडून बसतो: इथे पॉटमध्ये साठ, समोरच्याने वीस लावले, म्हणजे ऐंशी मिळवायला वीस घालायचे, पाचात एकदा जिंकलो तरी बरोबरी. आपल्याला बदामाचा रंग लागायला नऊ पत्ते आहेत आणि न दिसलेले शेचाळीस, म्हणजे साधारण पाचात एकदाच. बरोबरीच्या काठावरचा निर्णय. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना ही संभाव्यता मी अशीच शिकवली, आणि पुस्तकातल्या गोळ्या-पिशव्यांपेक्षा त्यांना ती लवकर कळली.

एक खबरदारी. असं टेबल जमलं की कुणीतरी म्हणतंच, "दहा-दहा रुपये ठेवू, मजा येईल." ऑनलाइन टेबलाचा हिशेब फोनपेवर मिटवला की तोही पैशांचाच खेळ झाला, आणि घरी बसून पत्त्यांवर नाल काढली तर १८८७ चा कायदा आहेच. आमच्यात ठरलंय की हंगामात जो पहिला येईल त्याच्या घरी बाकीच्यांनी जेवायला जायचं. स्वयंपाक जाणाऱ्यांनी करायचा.

११. वेळेलाही मर्यादा हवी

पैसे नसले तरी पत्ते वेळ खातात. कांद्याला पाणी द्यायची पाळी रात्रीची असते, वीज रात्रीची असते, हातात मोबाईल असतो, आणि एक डाव म्हणता पहाट होते. आमच्या टेबलावर शेवटचा डाव किती वाजता हे आधी ठरतं. ज्यांना पैशांच्या खेळाची सवय लागलीय त्यांचं लक्षण मला एकच महत्त्वाचं वाटतं: हरलेलं लपवणं. जो घरी आकडा खरा सांगतो तो अजून सावरू शकतो. जो सांगत नाही, उसनवारी करतोय, झोपत नाही, त्याला "सोड ना" म्हणून भागत नाही. अशा वेळी शेजारी बसून १४४१६ लावून द्यावा. तो टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. गावात "लोक काय म्हणतील" हा अडसर मोठा, म्हणून फोनवर बोलण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते.

१२. जुना पैसा आणि जुने कागद

ज्यांनी २०२३ नंतर देशी साइटवर खेळलंय त्यांच्यासाठी शेवटचं. साइट बंद झाली तरी खात्यात शिल्लक असेल तर ती काढून घ्या, भरणा थांबवताना बऱ्याच कंपन्यांनी पैसे काढायची सोय चालू ठेवली होती. ॲप काढून टाकायच्या आत वर्षाचं स्टेटमेंट आणि टीडीएसचा दाखला उतरवून ठेवा. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनने गेलं की २६ एएस या करकपातीच्या तक्त्यात कापलेली रक्कम दिसते. ती दिसतेय म्हणजे खात्याला तुमचं जिंकणं माहीत आहे. तेव्हा विवरणपत्रात ते वेगळ्या रकान्यात, कलम ११५ बीबीजे खाली दाखवा, साध्या उत्पन्नात मिसळू नका. इथे हरलेले पैसे दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वजा होत नाहीत. आणि ज्यांचं पॅन कुणा मित्राने "खातं उघडायला" वापरलं होतं, त्यांनी २६ एएस आजच उघडून बघावं. आपल्या नावावर दुसऱ्याचं जिंकणं चढलेलं असेल तर ते जिथून आलं त्या कंपनीला लेखी कळवायचं, पत्राची पोच जपून ठेवायची, आणि विवरणपत्र भरायच्या आधी माळशिरस किंवा अकलूजमधल्या एखाद्या कर सल्लागाराला कागद दाखवायचे.